आशियाई डिपिंग सॉस घरी करताना या चुका टाळा

व्हिएतनामचे नुओक चाम, थायलंडचे नाम जिम किंवा चिनी डंपलिंगसोबत येणारी सोया-व्हिनेगरची वाटी यांपैकी कशालाच फारसे शिजवावे लागत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. रस्सा बिघडला तर तो आटवून किंवा वाढवून सावरता येतो; बुडवून खायच्या सॉसमध्ये मात्र वाटीत जे पडले तेच जिभेवर येते. तरीही ‘पाच मिनिटांत होते’ या एका वाक्यावर विसंबून लोक पाहुणे दारात आल्यावर बाटल्या उघडतात.

सर्वांत जास्त नासाडी मी मिरचीच्या तेलाची, म्हणजे चिली ऑइलची, पाहिली आहे. आपल्या हाताला फोडणीची सवय असते आणि तेल कडकडीत तापल्याशिवाय आपले समाधान होत नाही. चीनच्या सिचुआन प्रांताच्या पद्धतीच्या या तेलात तीच सवय घात करते. माझ्या भाच्याने मित्रांना मोमो खाऊ घालण्याचा घाट घातला, तेव्हा त्याने वाडग्यात बारीक दळलेले संकेश्वरी तिखट घेतले आणि धुरावलेले तेल त्यावर एकदम ओतले. तळाचे तिखट क्षणात काळे पडले, वरचा लाल फेस उसळून ओट्यावर सांडला आणि बाहेरच्या खोलीतल्या मंडळींना असा ठसका लागला की काही जण जिन्यात जाऊन उभे राहिले. एवढे होऊनही साहेबांनी त्या तेलात साखर आणि सोया सॉस ढवळून ते ‘सावरले’ आणि टेबलावर मांडले. करपलेल्या मिरचीचा कडवटपणा साखरेने झाकला जात नाही. उलट गोडाच्या मागून तो अधिकच घशाशी येतो. असे तेल टाकूनच द्यावे.

मी दळलेले तिखट या कामाला वापरतच नाही. बेडगी मिरच्या मंद आचेवर कोरड्या भाजून खलबत्त्यात जाडसर कुटते, झणझणीतपणासाठी थोडी संकेश्वरी घालते आणि तो भरडा चमचाभर गार तेलात आधीच भिजवून ठेवते, कारण तेलाने ओला झालेला भरडा गरम तेल पडताच लगेच जळत नाही. दुसऱ्या भांड्यात तेल, आले, पातीचा कांदा, चक्रफूल आणि दालचिनी मंद आचेवर कांदा तपकिरी होईपर्यंत ठेवावीत, तेल गाळून घ्यावे आणि साधारण 130 अंश सेल्सियसपर्यंत उतरू द्यावे. थर्मामीटर नसेल तर मिरचीचा एकच तुकडा तेलात टाकून पाहावा: भोवती बारीक बुडबुडे आले आणि तुकडा लालच राहिला तर तेल योग्य आहे, तपकिरी झाला तर थांबावे. मग तेल दोन-तीन खेपांत, दर वेळी ढवळत ओतावे आणि रात्रभर मुरू द्यावे. रात्रभर थांबण्याची तयारी नसेल तर सरळ बाटली विकत आणावी, त्यात कमीपणा काहीच नाही. तेलात सिचुआनी मिरे घालायचे असतील तर ते आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातले आहेत हे ध्यानात ठेवून टरफल तेवढे घ्यावे आणि कचकचणारे काळे बी काढून टाकावे.

दुसरी चूक फिश सॉसची. बाटली उघडून हुंगायची, नाक मुरडायचे आणि त्याऐवजी तेवढाच सोया सॉस ओतायचा, हा प्रकार सुकट आणि जवळा चवीने खाणाऱ्या घरांतही घडतो, याचे मला नवल वाटते. फिश सॉस बहुधा दुसऱ्या गोष्टींत मिसळून वापरायचा असतो. लहान मासे आणि मीठ लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून निघालेला तो अर्क असतो. व्हिएतनाममधील फू क्वोक बेटाच्या अशा सॉसला 2012 मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. बाटली घेताना घटकांची यादी वाचावी. तीत मासे आणि मीठ सोडून फार तर साखर असावी. नुओक चामसाठी एक भाग फिश सॉस, एक भाग साखर, एक भाग लिंबाचा रस आणि चार भाग पाणी इथून सुरुवात करावी. दक्षिण व्हिएतनाममध्ये चव गोडाकडे झुकते, त्यामुळे हे प्रमाण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

क्रम मात्र मी बदलू देत नाही. साखर आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवावी, पाणी गार झाल्यावर लिंबू पिळावे, मग थोडाथोडा फिश सॉस घालत चव पाहावी, आणि सुरीने बारीक चिरलेला लसूण व मिरची अगदी शेवटी घालावी, म्हणजे ती वर तरंगत राहतात. घाईत सगळे एकत्र मिक्सरमधून फिरवले की सॉस गढूळ होतो, लसूण उग्र लागतो आणि वर फेस येतो. आपले कागदी लिंबू यासाठी उत्तम. बाटलीतला लिंबाचा रस मी या सॉसच्या जवळपासही येऊ देत नाही. चव चमच्याने न पाहता ज्यासोबत खायचे आहे त्या रोलचा तुकडा बुडवून पाहावी, कारण नुसता चाखल्यावर खारट वाटलेला सॉस भाताच्या शेवया आणि पाल्यासोबत बरोबर लागतो.

बाटल्यांची अदलाबदल ही निष्काळजीपणाची चूक आहे. चिनी डार्क सोया सॉस प्रामुख्याने रंगासाठी असतो. बुडवण्याच्या वाटीत लाइट सोया सॉस हवा. जपानी उसुकुची हा सोया सॉस रंगाने फिका असला तरी नेहमीच्या सोया सॉसपेक्षा खारट असतो, म्हणून रंगावरून मीठ ठरवू नये. आपले घाण्याचे तिळाचे तेल कच्च्या तिळांचे असते आणि त्याला चिनी किंवा कोरियन भाजक्या तिळांच्या तेलाचा वास येत नाही. तो वास हवा म्हणून घाण्याचे तेल चार चमचे ओतले तर वाटी तेलकट होते, एवढेच. ‘सिंथेटिक’ असे लेबल असलेले पांढरे व्हिनेगर म्हणजे पाणी घातलेले ॲसेटिक ॲसिड. त्याने घसा खवखवतो. फिलिपिन्समध्ये लसूण-मिरची घातलेल्या सावसावान या बुडवून खायच्या सॉससाठी नारळाच्या सुरेचे व्हिनेगरही वापरतात, आणि गोव्याचे माडाचे व्हिनेगर त्या जागी चपखल बसते.

नाम जिम जेओ या भाजलेल्या मांसासोबतच्या थाई सॉसमध्ये भाजलेल्या तांदळाची पूड अगदी वाढायच्या वेळीच घालावी, नाहीतर ती फुगून सॉसचा लगदा होतो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा खरा धोका असतो. असे तेल फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

साते, म्हणजे काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे, यासोबतच्या शेंगदाण्याच्या सॉसबद्दल हमखास येणारी तक्रार अशी की पाणी घातल्यावर तो पातळ होण्याऐवजी घट्ट झाला आणि फाटला. वाटलेल्या दाण्यांत पहिले थोडे पाणी पडले की मिश्रण आवळतेच. तिथे घाबरून तेल घालणारे लोक तो कायमचा बिघडवतात. चमचा-चमचा कोमट पाणी घालत घोटत राहिले की तो पुन्हा सैल आणि तुकतुकीत होतो. चिंचेचा कोळ आणि गूळ त्यानंतर घालावा, आणि गार झाल्यावर सॉस आणखी दाटतो म्हणून गॅसवरून उतरवताना तो हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवावा.