मोठ्या रीफ टाकीसाठी दिवे आणि कंट्रोलर निवडताना
पाच-सहाशे लिटरच्या प्रवाळ टाकीसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, दिवे घेताना वॅटच्या आकड्यावर जाऊ नये. प्रवाळ ज्या दगडावर बसवायचे आहे तिथे, पाण्याखाली, पार (PAR) मीटरने, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलेले मूल्य पाहावे. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरते, अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागते. टाकी लांब असेल तर एकाच प्रखर दिव्याऐवजी दोन-तीन मध्यम दिवे विभागून लावावेत, म्हणजे फांद्यांच्या सावलीत खालचा भाग पांढरा पडत नाही. नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने चालवू नये. निम्म्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवावा.

कंट्रोलरवर, म्हणजे टाकीतली उपकरणे आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेवर, पैसे खर्च करायचे ते सर्वांत आधी तापमानासाठी, कारण हीटरचा थर्मोस्टॅट बिघडून चालू स्थितीतच अडकला, तर एका रात्रीत सगळी टाकी हातची जाते. म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्यावेत, त्यांचे स्वतःचे थर्मोस्टॅट २७ अंशांवर ठेवावेत आणि कंट्रोलरने त्यांचा वीजपुरवठा २६ अंशांवरच तोडावा. पीएच प्रोब (पाण्याची आम्लता मोजणारी कांडी) ही त्यानंतरची, खरे तर हौसेची बाब आहे, शिवाय ती वेळोवेळी कॅलिब्रेट करावी लागते. वीज गेल्यावर लाटा निर्माण करणारा निदान एक पंप बॅटरीवर चालेल, हे मात्र खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर न्यावी. खारे पाणी वायरवरून ओघळत आले, तरी त्या झोळातूनच खाली ठिबकते.