फोनमधील चिकटवलेली बॅटरी काढताना
काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्यावी, कारण भरलेल्या लिथियम-आयन बॅटरीला छिद्र पडल्यास ती अधिक भडकते. फोन बंद करून मागचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवावा. मग बॅटरीच्या कडेने ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि गोंद सैल पडू लागला की जुने प्लास्टिकचे कार्ड आडवे धरून हळूहळू आत सरकवावे. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने त्या वेळी हीट गन जवळ आणू नये. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर तर मुळीच नको. बॅटरी वाकू लागल्यास जोर न लावता पुन्हा थेंब सोडावेत, कारण घाईइतके धोकादायक या कामात दुसरे काही नाही. काढलेली बॅटरी पुन्हा न वापरता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.