मुंबईहून विमानप्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

पार्ल्यातील आमच्या नातेवाइकांची विमानाची तिकिटे बरीच वर्षे मीच काढून देतो, त्यामुळे तेच ते चुकीचे हिशेब पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे पोहोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ सरळ वजा करणे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. माझी मावशी मधुमेही असून इन्सुलिन घेते. ती दुबईला निघाली तेव्हा मावसभावाने मोबाइलवरचा संदेश पाहून तिला सांगितले, ‘सव्वादहाला निघून बाराला पोहोचशील, पावणेदोन तासांचा तर प्रवास.’ पहाटे नाश्ता करून निघालेल्या मावशीने म्हणून खायला काहीच बरोबर घेतले नाही. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा होता. वाटेत तिची साखर उतरली, हातपाय थरथरू लागले, आणि शेजारच्या प्रवाशाने बिस्किटे दिली म्हणून त्या दिवशी निभावले. तेव्हापासून मी प्रत्येक तिकिटाच्या छापील प्रतीवर पोहोचण्याची वेळ भारतीय वेळेनुसार लाल शाईने लिहून देतो. प्रवासाचा कालावधी तिकिटावर छापलेला असतो, तो वाचण्याइतकाही धीर नसलेल्यांनी वडीलधाऱ्यांना सल्ले देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तासांचा. जुन्या तिकिटावरून हिशेब करू नये.

दुसरी चूक अंतराला वेगाने भागण्याची. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे 1,150 किलोमीटर आहे. विमान ताशी 850 किलोमीटरने जाते असे धरून नवशिके ‘एक तास वीस मिनिटे’ असे उत्तर काढतात, आणि तिकिटावर सव्वादोन तास पाहून कंपनी वेळ फुगवते असे म्हणतात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि विमानांना रांगेत थांबावे लागते. पश्चिमेकडे झेपावलेले विमान जुहूवरून आधी समुद्रावर जाते आणि मग दिल्लीकडे वळते. चढताना व उतरताना वेग कमी असतो, उतरण्याची पाळी येईपर्यंत कधी घिरट्याही घालाव्या लागतात. मी स्वतः भागाकार करतच नाही. त्याच मार्गावरच्या तीन-चार उड्डाणांचे छापील कालावधी पाहतो.

रेल्वेचे अंतर विमानाला लावू नये. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा राजधानीचा मार्ग 1,384 किलोमीटरचा आहे. अंतर सागरी मैलांत दिसल्यास किलोमीटर काढण्यासाठी 1.852 ने गुणावे.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरू नये. उंचावरचे पश्चिमी वारे पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात, त्यामुळे लंडनहून परतताना बहुधा तासभर कमी लागतो.

आता उलव्याला नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. दिल्लीचे उड्डाण दोन्हीकडून तेवढ्याच वेळाचे असले, तरी पार्ल्याहून सांताक्रूझ आणि पार्ल्याहून उलवे यांत फार फरक आहे, म्हणून ‘मुंबई’ एवढेच न वाचता विमानतळाचे नाव आणि टर्मिनल तिकीट काढण्याआधी पाहावे.