३-स्फिअरचा पाय-४ (म्हणजे चौथा होमोटॉपी ग्रुप) हाताने काढायचाय? आधी कनेक्टेड कव्हर बनवा

युनिव्हर्सल कव्हर बहुतेकांनी केलेलं असतं, स्पेसचा पाय-१ मारायचा (म्हणजे शून्य करायचा) आणि वरचे होमोटॉपी ग्रुप जसेच्या तसे ठेवायचे. हायर कनेक्टेड कव्हर म्हणजे तेच काम पुढे रेटायचं, पाय-२ मारा, मग पाय-३, खालून वर. या शिडीला व्हाइटहेड टॉवर म्हणतात (हे जॉर्ज व्हाइटहेड बरं का, १९५२, व्हाइटहेड थिअरमवाले जे. एच. सी. वेगळे, मी बरेच दिवस दोघांना एकच समजत होतो).

आता ३-स्फिअर घ्या. पहिला नॉन-झिरो ग्रुप पाय-३, तो झेड (पूर्णांकांचा ग्रुप). स्फिअरच्या तिसऱ्या कोहोमॉलॉजीचा जनरेटर यू म्हणजेच के(झेड, ३) मध्ये (जिचा फक्त पाय-३ झेड, बाकी सगळे शून्य अशी स्पेस) जाणारा एक मॅप, जो पाय-३ वर आयसोमॉर्फिझम देतो. या मॅपचा होमोटॉपी फायबर घेतला की झालं कव्हर, त्याला एक्स म्हणू.

इथेच लोक घसरतात. फायबर म्हणजे बेसपॉइंटची प्रीइमेज असं धरून चाललात तर के(झेड, ३) आपण ३-स्फिअरवरच वरचे सेल चिकटवून बनवतो, मॅप नुसता इन्क्लुजन, म्हणजे फायबर एकच पॉइंट, आणि बसा बोंबलत! होमोटॉपी फायबरचा पॉइंट म्हणजे जोडी असते, स्फिअरवरचा एक पॉइंट आणि बेसपॉइंटपासून त्याच्या इमेजपर्यंतचा एक पाथ.

दुसरी चूक माझी स्वतःची. एक्स वरून स्फिअरवर येणाऱ्या मॅपचा फायबर मी के(झेड, ३) धरला आणि अख्खी संध्याकाळ घालवली. तिथे लूप स्पेस येते, आकडा एकने उतरतो, म्हणजे के(झेड, २), म्हणजेच इन्फिनिट कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह स्पेस.

हे बरंच झालं, कारण त्याची कोहोमॉलॉजी नुसती पॉलिनॉमियल रिंग आहे, जनरेटर टी, डिग्री २. सेर स्पेक्ट्रल सिक्वेन्स मांडा (बेस आणि फायबरच्या कोहोमॉलॉजीवरून वरच्या स्पेसची काढायचं कोष्टक, त्यातले बाण म्हणजे डी-२, डी-३ वगैरे). एक्स ३-कनेक्टेड आहे (पाय-३ पर्यंत सगळे ग्रुप शून्य) म्हणजे डिग्री २ आणि ३ मध्ये काही उरता कामा नये, म्हणून डी-३ ने टी ला यू वर (फारतर वजा चिन्हाने) पाठवलंच पाहिजे, दुसरा इलाजच नाही. पुढचं सगळं लायब्निट्झ रूल करतो: टी-वर्ग जातो २ गुणिले टी-यू वर, टी-घन जातो ३ गुणिले टी-वर्ग-यू वर. म्हणून पाचव्या कोहोमॉलॉजीत झेड/२, सातवीत झेड/३, नववीत झेड/४, असंच पुढे.

युनिव्हर्सल कोइफिशंट थिअरमने टॉर्शन एक पायरी खाली येतं, म्हणजे एक्सची चौथी होमॉलॉजी झेड/२. आता हुरेविच थिअरम लावा (पहिला नॉन-झिरो होमोटॉपी ग्रुप आणि त्याच डिग्रीची होमॉलॉजी एकच), एक्स ३-कनेक्टेड आहेच, तर पाय-४ पण झेड/२, आणि एक्सचा पाय-४ म्हणजे स्फिअरचाच पाय-४. सगळा खटाटोप हुरेविच लावता यावा म्हणूनच होता.

कनेक्टेड कव्हरचं नोटेशन मात्र तपासून घ्या, स्पेसच्या नावापुढे कंसातला आकडा कोणी "इतका कनेक्टेड" म्हणून लिहितं, कोणी "इथून पुढचे ग्रुप उरले" म्हणून, एकाचा फरक पडतो.

आणि सहाव्या होमॉलॉजीतला झेड/३ फेकून देऊ नका. २ चं टॉर्शन बाजूला ठेवलं तर एक्सची पहिली उरलेली होमॉलॉजी तीच, सेरचं प्राइमवालं हुरेविच (एका प्राइमचा भाग सोडून बाकीचं बघणारं) लावलं की पाय-६ चा ३-भाग झेड/३ मिळतो. कोष्टकात बघा, ३-स्फिअरचा पाय-६ झेड/१२ दिलेला असतो, त्यातला ३ हाच.