कॉफी भाजायला शिकताय? पहिला पावसाळा सांभाळा

कॉफीची आवड आहे म्हणून रोस्टर व्हायचंय, असं मला बरेच जण सांगतात. आवड हवीच, पण आधी कंबरेची तयारी ठेवा. 50 किलोचं पोतं हलवणं, भाजताना बियांचं सुटणारं फोलपट झाडणं, धुराची नळी आतून खरवडणं, पाकिटं सील करणं यातच दिवस सरतो. नळी मनापासून खरवडा. साचलेलं फोलपट आणि तेल पेट घेतं, आणि आपल्या गाळ्यातली आग शेजारच्या गाळ्यांनाही सोडत नाही. प्रत्यक्ष भाजणी बॅचला दहा-बारा मिनिटं चालते. तेवढा वेळ फोन खिशात.

मला बुडवलं ते पावसाळ्यानं, आणि मला मुख्य तेच सांगायचंय. चिकमगळूर-कोडगूकडची अरेबिका जातीची कॉफी हिवाळ्यात खुडतात. म्हणजे जुलैत मुंबईत आपण भाजतो त्या बिया आधीच काही महिने पोत्यात असतात. मरोळच्या गाळ्यातल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यात, अर्धं पोतं वापरून झालं की आतली प्लास्टिकची पिशवी मी नुसती दुमडून ठेवायचे. शटर दिवसभर उघडं, बाहेर धो धो पाऊस.

मला शिकवलं होतं की भाजणी जमली की नाही हे वजनावरून कळतं. 10 किलो हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बिया घातल्या, साडेआठ किलो बाहेर आल्या, म्हणजे 15 टक्के घट, म्हणजे बरोबर. जूनअखेर घट 16 झाली, मग जवळजवळ 17. मी घाबरले. वाटलं, जास्त भाजतेय. म्हणून फर्स्ट क्रॅकनंतर, म्हणजे बिया पहिल्यांदा तडतडल्यावर, नेहमीपेक्षा वीस-तीस सेकंद आधीच बॅच बाहेर काढायला लागले. घट पुन्हा 15 वर आली. वहीतले आकडे इतके नीट दिसत होते की कपात काय येतंय त्यावर मी तीन आठवडे विश्वासच ठेवला नाही. कपात ओल्या गवताची, कच्च्या शेंगदाण्याची चव होती. दोन कॅफेंनी माल परत पाठवला. त्या संध्याकाळी डोंबिवलीची गाडी पकडायच्या आधी घाटकोपरच्या पुलावर मी रडले होते. अजून तिथून जाताना पोटात कालवतं.

काय झालं होतं ते हिशेबानं बघा. चांगल्या हिरव्या बियांत ओलावा 10 ते 12 टक्के असतो. 11 टक्के धरला तर 10 किलोत कोरडा भाग 8.9 किलो. त्याच बिया दमट हवेत 13 वर गेल्या की कोरडा भाग 8.7 किलो. अगदी तेवढ्याच भाजल्या तरी हातात 8.5 ऐवजी 8.3 किलो येणार, कारण 200 ग्रॅम जादा पाणी आपण बिया म्हणून तोललं आणि भाजायच्या ड्रममध्ये उडवलं. वाढलेली घट पाण्याची होती, आणि तिच्यापायी मी भाजणी कापत होते. नुसता गॅस वाढवूनही भागत नाही. आतलं पाणी उष्णता खात राहतं आणि बी बाहेरून करपते. दमट रवा मोठ्या आचेवर भाजून बघा, तसंच.

म्हणून नोकरी धरताना पहिला प्रश्न विचारा: मॉइश्चर मीटर, म्हणजे बियांचा ओलावा मोजायचं यंत्र, आहे का? नसेल तर पोतं उघडल्या दिवशीच 5-5 किलोच्या हवाबंद पिशव्यांत वाटून टाका. पिशव्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून लांब. ओलावा 13 च्या वर गेला तर बुरशीची भीती, ते पोतं बाजूला काढा. मॉन्सून्ड मलबार ही वेगळी गोष्ट आहे. मंगळूरच्या किनाऱ्यावर त्या बिया मुद्दाम, देखरेखीखाली पावसाळी हवेत फुगवतात. गाळ्यात चुकून दमट झालेल्या मालाला ते नाव देऊ नका.

तीन दिवसांच्या कोर्सवर माझा विश्वास नाही. ऐपत असेल तर कॉफी बोर्डाचा बंगळूरचा कॉफी क्वालिटी मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. नसेल तर जिथं रोज कपिंग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं कॉफी चाखणं, होतं तिथं मदतनीस म्हणून लागा. ‘माझा प्रोफाइल (भाजणीच्या वेळेचा-तापमानाचा आराखडा) घे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘चाखून सांग काय चुकलं’ म्हणणारा शिक्षक शोधा. मला वजनाचा नियम देणारे दादा वाईट नव्हते. ते कोरड्या हवेच्या गावात शिकले होते, एवढंच.

आणि जीभ तयार होत नाही म्हणून घाबरू नका. फळासारखा आंबटपणा आणि कच्चेपणा यातला फरक कळायला मला सहा महिने लागले. तुम्हालाही लागतील, लागू द्या. रोज कप मांडा: 8.25 ग्रॅम कॉफी, 150 मिली पाणी, 4 मिनिटांनी वरचा थर मोडायचा, मग निवली की भुरकायचं. वजनाचा आकडा बघायच्या आधी चव लिहा. माझ्या वहीत आता चवीचा रकाना पहिला, ओलाव्याचा दुसरा आणि घटीचा सगळ्यात शेवटी असतो.