केमोच्या आदल्या रात्रीची गोळी आणि तिच्याभोवतीची तयारी

काही रुग्णांना दोन-तीन केमो (कर्करोगावरील औषधोपचार) झाल्यावर पुढच्या वेळी औषध शरीरात जाण्याआधीच मळमळू लागते. रुग्णालयाचे फाटक, स्पिरिटचा वास, एवढेच काय, डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या लाल रंगाची आठवण करून देणारा कोकम सरबताचा पेलासुद्धा त्यासाठी पुरतो. हे नाटक नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. आधी झालेल्या उलट्यांची त्या वासाशी आणि जागेशी शरीराने घातलेली ती सांगड असते. ती एकदा पक्की झाली की ऑन्डान्सेट्रॉनसारखी उलटीवरची नेहमीची औषधे तिच्यापुढे फारशी चालत नाहीत, म्हणून डॉक्टर लोराझेपाम किंवा अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी जोडून देतात.

तयारीची सुरुवात वहीपासून करावी. मळमळ नेमकी केव्हा सुरू झाली, घरून निघताना, सलाईन लावताना की तिसऱ्या दिवशी, हे प्रत्येक फेरीत लिहून ठेवावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. केमोनंतरच्या उलट्या थांबत नसतील, तर ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट या मुख्य औषधांचा विचार नव्याने करावा लागतो. चिंतेची गोळी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

त्याच भेटीत झोपेत श्वास अडकणे, दम्यासारखा फुप्फुसांचा जुना आजार, काचबिंदू, यकृताची तक्रार, तसेच वेदनेसाठी चालू असलेले मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल यांची माहिती द्यावी, कारण अशा वेदनाशामकांबरोबर ही गोळी घेतल्यास श्वास मंदावू शकतो. मद्याचेही तसेच आहे. घरच्यांसमोर सांगणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलावे. अ‍ॅप्रेपिटंट किंवा तोंडातील बुरशीसाठी दिलेले फ्लुकोनाझोल चालू असेल, तर त्यांच्यामुळे अल्प्राझोलामचा अंमल वाढू शकतो, हेही विचारून घ्यावे.

गोळी दोन दिवस आधीच आणून ठेवावी. अल्प्राझोलाम 2014 पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’ या सरकारी औषधयादीत मोडते, औषधविक्रेत्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मागणे व्यर्थ आहे. सर्वच गोळ्या एका दुकानात मिळतील असेही गृहीत धरू नये.

वेळेच्या बाबतीत सर्वाधिक घोळ होतो. लोराझेपामची नेहमीची पद्धत म्हणजे आदल्या रात्री 0.5 ते 2 मिलिग्रॅम आणि केमोच्या एक-दोन तास आधी पुन्हा एकदा. नेमकी मात्रा डॉक्टर ठरवतात आणि वृद्धांना ती कमीच देतात. पण साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या माणसाने ‘एक तास आधी’ कोणत्या घड्याळाने मोजावे? रक्ताचा अहवाल येईपर्यंत सुई लागत नाही आणि त्यात सकाळ निघून जाते. म्हणून दुसरी गोळी घरी घ्यायची, की पोहोचून अहवाल पाहिल्यावर, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

सोबतीला जाणते माणूस हवेच. या गोळीने गुंगी येते आणि तिच्या अमलात घडलेले पुष्कळदा आठवत नाही. सांगड ढिली पडण्यास त्याची मदतच होते, परंतु डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यही त्यासोबत विसरले जाते. सूचना सोबत्याने लिहून घ्याव्यात आणि सह्यांची कागदपत्रे गोळी घेण्यापूर्वीच उरकावीत. त्या दिवशी वाहन चालवू नये, स्कूटरच्या मागच्या सीटवरही बसू नये. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ओलान्झापीन हे औषध चिठ्ठीवर दिसले की ‘हे तर मनोरुग्णांचे औषध’ म्हणून काही घरांत ते परस्पर बंद केले जाते. ते चिंतेचे औषध नाही. इथे ते उलटीसाठीच दिलेले असते, आणि 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅमनेही काम भागते, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधनातूनच दिसून आले आहे. मात्र त्याच्या जोडीला लोराझेपाम घेतल्यास गुंगी वाढते, म्हणून दोन्ही लिहिलेली असतील तर वेळा विचाराव्यात.

घरी आल्यावर रुग्णाला कुशीवर झोपवावे, म्हणजे झोपेत उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. उरलेल्या गोळ्या मोजून ठेवाव्यात. झोप येत नाही म्हणून त्या रोज घेतल्यास सवय लागते, आणि बरेच दिवस घेतल्या गेल्या असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी कराव्यात. पाण्याचा घोटही टिकत नसेल, ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर आणखी एक गोळी न देता रुग्णालयाला तत्काळ फोन करावा. हाक मारूनही रुग्ण नीट जागा होत नसेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता त्याला थेट तातडीच्या विभागात न्यावे.