बिल्ड फुटली नाही म्हणून खूश होऊ नका: कर्नलमधल्या ॲसर्टच्या या चुका टाळा

लिनक्स कर्नलचा पॅच (कोडमधला बदल) तपासायला आला की मी आधी त्यातले ॲसर्ट, म्हणजे ‘ही अट पाळली जातेय ना’ हे तपासणाऱ्या ओळी, बघतो. लिहिणाऱ्याने किती विचार केलाय ते तिथे लगेच कळतं. आणि दर वेळी त्याच चार-पाच चुका. आता त्या लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवता येईल.

सुरुवात अगदी प्राथमिक गोष्टीने. बिल्ड_बग_ऑन आणि स्टॅटिक_ॲसर्ट दोन्ही कोड कंपाइल होतानाच अट तपासतात, चुकलं की बिल्ड फोडतात. बिल्ड_बग_ऑनला जे *घडू नये* ते सांगायचं, स्टॅटिक_ॲसर्टला जे *असायलाच हवं* ते. दोघांची दिशा उलटी. एकाची अट उचलून जशीच्या तशी दुसऱ्यात टाकली की बिल्ड बहुतेक तिथल्या तिथे फुटते, म्हणजे नुकसान काही नाही. नुकसान त्यानंतर होतं. घाईतला माणूस अट वाचत नाही, चिन्ह बदलतो. मोठंचं लहान, लहानचं बरोबर, कंपायलर गप्प बसेपर्यंत. शेवटी जे उरतं ते काय तपासतंय हे त्यालाही सांगता येत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. नेटवर्क ड्रायव्हरमध्ये प्रत्येक पॅकेटबरोबर थोडी खाजगी माहिती ठेवायची असते. त्यासाठी एसके_बफ या स्ट्रक्चरमध्ये सीबी नावाची 48 बाइटची जागा असते. आपलं स्ट्रक्चर त्यात मावतंय ना, हे बिल्ड_बग_ऑनने तपासायची पद्धत आहे. आमच्याकडेही तपासणी होती, पण ती हेडरमधल्या एका छोट्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनच्या पोटात. पुढे साफसफाई करताना मी त्या फंक्शनचे सगळे कॉल दुसरीकडे वळवले. जुनं फंक्शन तसंच राहिलं. हेडरमधलं स्टॅटिक इनलाइन कोणी वापरलं नाही तरी कंपायलर कुरकुरत नाही.

काही महिन्यांनी कोणीतरी आमच्या स्ट्रक्चरच्या शेवटी 8 बाइटचा टाइमस्टॅम्प जोडला. आधीचं माप नेमकं 48 होतं, ते 56 झालं. बिल्ड स्वच्छ, एकही वॉर्निंग नाही. एसके_बफमध्ये सीबीच्या लगेच पुढे राउटिंगच्या डीएसटीचा (पॅकेट कुठे जायचं त्या नोंदीचा) पॉइंटर बसतो, आणि आमचा टाइमस्टॅम्प थेट त्याच्यावर. तोही फक्त पॅकेट पुन्हा पाठवायची वेळ आली तरच लिहिला जायचा. त्यात त्या पॉइंटरच्या सगळ्यात खालच्या बिटला वेगळा अर्थ आहे: तो 1 असेल तर ‘रेफरन्स घेतलेला नाही, सोडू नका’. म्हणजे नॅनोसेकंदांचा आकडा विषम असला की डीएसटी_रिलीज (ती नोंद सोडणारा कॉल) टळायचं, सम असला की तो आकडाच पत्ता समजून सोडायला जायचं आणि कर्नल आडवं. क्रॅशच्या ट्रेसमध्ये आमच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नसायचं. तीन दिवस मी राउटिंगचा कोड वाचत बसलो, आणि ते अनाथ फंक्शन माझ्याच हातचं होतं.

असं का झालं? आजचा बिल्ड_बग_ऑन ऑप्टिमायझरच्या भरवशावर चालतो. आतून तो एरर ॲट्रिब्यूट लावलेल्या एका फंक्शनला कॉल करतो. अट खोटी ठरली की ऑप्टिमायझर तो कॉल काढून टाकतो. कॉल उरला तर एरर. पण आजूबाजूचं अख्खं फंक्शनच कोणी बोलावत नसेल तर त्याच्याबरोबर कॉलही जातो, अट खरी असो वा खोटी. कधीच न चालणाऱ्या इफमध्ये ठेवलेल्या तपासणीचंही हेच. स्टॅटिक_ॲसर्टचं तसं नाही, तो कंपायलर वाचतानाच तपासतो आणि फंक्शनबाहेरही चालतो. म्हणून माझी सवय: मापाची तपासणी स्ट्रक्चरच्या कंसाखाली, पुढच्याच ओळीत, स्टॅटिक_ॲसर्टने. फंक्शनला आलेला पॅरामीटर तपासायचा असेल तरच बिल्ड_बग_ऑन, आणि मग त्या फंक्शनला ऑलवेज_इनलाइन (कॉलच्या जागीच फंक्शनचा कोड उतरवायला लावणारी खूण) लावायचं, नाहीतर जीसीसी या कंपायलरवर चालतं आणि क्लँग या दुसऱ्यावर फुटतं.

दुसरी सवय: नवा ॲसर्ट लिहिला की आकडा मुद्दाम चुकवून एकदा बिल्ड फोडायची. एका मिनिटाचं काम आहे. ‘एवढ्याशा ओळीसाठी कशाला’ म्हणणाऱ्यांना वरची माझी फजिती पुन्हा वाचायला द्यावी.

आता मला सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट. ॲसर्ट फुटला की त्याच्याभोवती ‘फक्त 64 बिटवर’ अशी इफडेफ (अट जुळली तरच आतला कोड कंपाइल करणारी ओळ) गुंडाळणे. युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना) द्यायच्या स्ट्रक्चरमध्ये आधी यू32 (4 बाइट) आणि मग यू64 (8 बाइट) ठेवलं, माप 16 आहे असा ॲसर्ट लावला. 64 बिटच्या एक्स86 वर पास. 32 बिटच्या एक्स86 वर यू64 चार बाइटच्या सीमेवर बसतो, माप 12, बिल्ड फुटली. ॲसर्टने आपलं काम चोख केलं, आणि पॅच लिहिणाऱ्या पोराने त्याचंच तोंड बांधलं! पुढे 64 बिटच्या कर्नलवर 32 बिटचा प्रोग्राम चालवला की आयऑक्टलला (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेल्या हुकमाला) ईएनओटीटीवाय, म्हणजे ‘असा हुकूम माहीत नाही’ ही एरर, परत येतो, कारण आयऑक्टलच्या नंबरातच स्ट्रक्चरचं माप भरलेलं असतं. उपाय एका ओळीचा: मधे स्वतःच्या हाताने यू32 पॅडिंग घाला, आणि कर्नलने ते शून्य आहे ना हे तपासावं. स्ट्रक्चरमधली रिकामी भोकं कुठे आहेत ते पाहोल नावाचं टूल दाखवतं. एकदा चालवून बघायला कोणाची ना नाही.

माप जुळलं म्हणजे मांडणी जुळली असं मात्र नाही. दोन यू32 ची अदलाबदल झाली तर माप सांगणाऱ्या साइझऑफला पत्ता लागत नाही. महत्त्वाच्या फील्डचा ऑफसेटऑफ (सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते) वेगळा तपासा.

हॅश-इफमध्ये एनमची (आकड्यांना दिलेली) नावं वापरू नका. कंपायलरच्या आधी चालणाऱ्या प्रीप्रोसेसरला ती माहीत नसतात, तो प्रत्येकाला 0 समजतो आणि तुमची तुलना निमूट खोटी किंवा खरी ठरवतो.

व्हीएम_बग_ऑन या मेमरीच्या कोडमधल्या तपासणीच्या कंसात काम करणारा कोड लिहू नका. डिबग_व्हीएम हा कर्नलचा पर्याय बंद असला की कंसातलं फक्त कंपाइल होतं, चालत नाही. तिथे काउंटर वाढवणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि बग_ऑन, म्हणजे कर्नल चालू असताना अट खरी ठरली की तिथेच कोसळवणारी तपासणी. युजरकडून चुकीचा आकडा आला म्हणून बग_ऑन लावणाऱ्याचा पॅच मी पुढे वाचतच नाही. तो थ्रेड हातातल्या लॉकसकट मरतो, मग बाकीचे त्या लॉकसाठी रांगेत उभे, आणि लॉगसुद्धा डिस्कवर पोचेल याची खात्री नाही. चूक परत करता येत असेल तर ईइनव्हॅल (‘चुकीचा आकडा’ ही एरर) परत करा. ‘हे घडूच शकत नाही’ असं वाटत असेल तर वॉर्न_ऑन_वन्स (लॉगमध्ये एकदाच वॉर्निंग), आणि त्यानंतर बाहेर पडायची वाट. पण युजरला मुद्दाम घडवता येणाऱ्या ठिकाणी वॉर्नही नको. पॅनिक_ऑन_वॉर्न लावून चालणारी मशीन आहेत, तिथे तुमची एक वॉर्निंग अख्खं मशीन पाडते.

पॅच पाठवण्याआधी ऑलमॉडकॉन्फिगची (शक्य तेवढं सगळं मॉड्यूल म्हणून चालू करणाऱ्या सेटिंगची) एक बिल्ड आणि 32 बिटची एक, एवढं रात्री लावून झोपा. सकाळी काय फुटलंय ते बघू.